माझं लेखन कोणत्या विज्ञानकथाकाराशी जुळतं, हे नेमकं कसं तपासावं?

अर्धविराम:
दहा-बारा प्रश्न विचारून शेवटी ‘तुम्ही असिमॉव्ह आहात’ असं सांगणाऱ्या चाचण्या बऱ्याच आहेत. मजकूर चिकटवला की लेखकाचं नाव देणारी संकेतस्थळंही आहेत. पण एकाच कथेतले दोन परिच्छेद दिले तर दोन वेगळी नावं येतात. यापेक्षा भरवशाची पद्धत आहे का? हाताशी मराठीतल्या सहा कथा आहेत, मिळून साधारण १४,००० शब्द. पायथॉन ही संगणकभाषा कामापुरती येते. असिमॉव्ह, क्लार्क, ले ग्विन, फिलिप डिक, लेम आणि नारळीकर यांच्याशी तुलना करायची आहे.

तिसरा_नियम:
प्रश्नावल्या तुमच्या लेखनाला हातच लावत नाहीत. त्या आवडीनिवडी मोजतात. शिवाय यादीत आठ नावं असली की आठांतलं एक येणारच, कारण ‘कोणीच नाही’ असा रकानाच नसतो.

मजकूर घेणाऱ्या संकेतस्थळांची खोट वेगळी. दीडशे शब्दांच्या परिच्छेदात ‘यान’, ‘ग्रह’, ‘यंत्रमानव’ हेच शब्द उठून दिसतात आणि विषयालाच शैली समजलं जातं. पडताळणी सोपी आहे. त्याच परिच्छेदात ‘यंत्रमानव’च्या जागी सगळीकडे ‘नोकर’ घाला, बाकी एक अक्षरही बदलू नका. उत्तरातलं नाव बदललं, तर तिथे शैली मोजलीच जात नव्हती.

वारंवारता:
शैली मोजायची असेल तर ज्या शब्दांकडे लिहिताना लक्ष जात नाही ते मोजा: आणि, पण, तर, की, मग, तो, होता, नाही, काही, फक्त. जॉन बरोज यांनी २००२ मध्ये मांडलेली ‘डेल्टा’ पद्धत यावरच उभी आहे.

तुमच्या आणि तुलनेच्या लेखकांच्या मजकुराचे नमुने घ्या. सगळ्या नमुन्यांत मिळून सर्वांत जास्त वेळा येणारे १०० ते ३०० शब्द घ्या. प्रत्येक नमुन्यात प्रत्येक शब्द दर हजारी किती वेळा येतो ते काढा. त्यातून सर्व नमुन्यांची सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाने, भागा. मग दोन नमुन्यांतल्या फरकांची, चिन्ह सोडून, सरासरी घ्या. हा आकडा जितका लहान तितके दोघे जवळ. ‘आर’ या संगणकभाषेतलं ‘स्टायलो’ हे पॅकेज हे सगळं करून देतं, पण देवनागरीसाठी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने करून बघा. गडबड कुठे होते ते त्याशिवाय कळत नाही.

पहिली गडबड शब्द तोडण्यात होते. पायथॉनच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्द ओळखायचं जे नेहमीचं चिन्ह आहे, ते वेलांटी, काना, हलन्त यांना अक्षर मानत नाही. ‘विज्ञान’ दिलं की व, ज, ञ, न असे चार तुकडे परत येतात. प्रोग्राम कुठेही अडत नाही, आकडे येतात, आलेखही सुंदर येतो आणि सगळं निरर्थक असतं. म्हणून मोकळ्या जागेवर तोडा, मग प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं काढा. पुढे जाण्याआधी पहिले पन्नास शब्द डोळ्यांखालून घाला.

दुसरी गडबड ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ यांतल्या ऱ्याची. हा नुक्त्याच्या ऱ ने लिहिता येतो, तसाच साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही. दिसतात सारखे, मोजले जातात वेगळे. आधी सगळीकडे एकच रूप करून घ्या.

तिसरी सर्वांत फसवी आहे. तुम्ही ‘केलं, झालं’ लिहीत असाल आणि समोरचा ‘केले, झाले’ लिहीत असेल, तर डेल्टा मुख्यतः तेवढंच पकडते. अनेकदा हा निर्णय लेखकाचा नसून संपादकाचा असतो. मोजण्यापुरती दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा.

आणि मराठीत विभक्ती व शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात. इंग्रजीत ‘मधून’, ‘बाहेर’ यांना स्वतंत्र शब्द असतात, आपल्याकडे ते ‘घरामधून’, ‘यानाबाहेर’ यांत दडतात. त्यामुळे शब्दांच्या जोडीला सलग चार-चार अक्षरचिन्हांचे तुकडेही मोजा. दोन्ही मोजण्यांत एकच नाव आलं तरच त्याला वजन द्या.

१४,००० शब्द म्हणजे साडेचार हजारांचे जेमतेम तीन तुकडे. काठावरचं काम आहे, पण होईल. तिन्ही तुकडे एकाच लेखकाकडे गेले पाहिजेत.

अर्धविराम:
असिमॉव्ह आणि लेम यांचे अनुवाद वापरले तर चालेल?

वारंवारता:
शैलीसाठी नाही. ‘पण’ किती वेळा आणि ‘मात्र’ किती वेळा, हे अनुवादक ठरवतो. लेमची ‘सोलारिस’ १९६१ ची, मूळ पोलिश. १९७० चा इंग्रजी अनुवाद झाला फ्रेंचवरून. त्या इंग्रजीवरून कोणी मराठी केलं तर मधे तीन अनुवाद बसले. तुमचं वाक्य लेमशी जुळलं की तिसऱ्या अनुवादकाशी, हे सांगता येणार नाही.

म्हणून तुलनेच्या गटात मूळ मराठीत लिहिणारेच ठेवा: जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. प्रत्येकाच्या किमान तीन कथा, शब्दसंख्या साधारण सारखी, आणि त्यांत लेख मिसळू नका. पुस्तकं स्कॅन करून मजकूर काढलात तर ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, आणि त्या चुकाच त्या लेखकाची शैली म्हणून मोजल्या जातात. हाताने तपासाच.

स्वतःच्या कथा टाकण्याआधी गटातल्याच एका लेखकाची एक कथा नाव झाकून टाका. ती तिच्या घरी पोहोचली नाही, तर गट किंवा मोजणी चुकली आहे.

कृष्णपक्ष:
वरचं सगळं वाक्यांपुरतं ठीक. पण विज्ञानकथाकार ओळखला जातो तो कल्पना कशी हाताळतो त्यावरून, आणि ते अनुवादातूनही टिकतं. असिमॉव्ह, लेम यांच्याशी तुलना करायची ती इथे.

चंद्रावर जायचं तर ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत ९०० फूट लांबीची तोफ ओतली, तिचं वजन आणि दारूचा हिशेब मांडला. एच. जी. वेल्सने १९०१ च्या कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ सरळ गृहीत धरला आणि पुढचं सगळं काटेकोर ठेवलं. व्हर्नला ते मुळीच पटलं नव्हतं. तुमचा पहिला परिच्छेद यांपैकी कुठला आहे, ते आधी बघा.

मग ही कसोटी करा. गृहीतक घ्या: उद्यापासून आवाज ३० मीटरपलीकडे पोहोचत नाही. वीस मिनिटांत, न थांबता, तुम्हाला सुचतील ते दहा प्रश्न लिहून काढा. काल एकदा ४० मीटरवर ऐकू आलं, ते कसं? नियमातली फट शोधणारा हा प्रश्न असिमॉव्हच्या वळणाचा. हवेत काय बदललं, सीमा गोल आहे की घुमटासारखी, हा क्लार्कचा. त्याच्या कादंबरीतल्या ‘रामा’ या यानाची ५० किलोमीटर लांबी आणि २० किलोमीटर व्यास वाचकाला पायांखाली जाणवतो. मोठी सभाच भरत नसेल तर निर्णय कोण घेतं, भाषेत कुठले शब्द नवे येतात, हा ले ग्विनचा. पूर्वी तरी आवाज लांब जात होता का, की तशी आठवण फक्त मलाच आहे, हा डिकचा. आणि तीस सिद्धान्त मांडले, तिसांनीही काही उलगडलं नाही, तर तो लेम. दहांपैकी सहा-सात प्रश्न एकाच बाजूला झुकले तर ते नाव खरं माना. अशी पाच गृहीतकं, वेगवेगळ्या दिवशी. एकाच बैठकीत केलीत तर पहिल्याचा सूर बाकीच्यांना लागतो.

धूमकेतू:
नुसतं वाचून ‘हा अमुकसारखा’ म्हणणाऱ्यांच्या मताला मर्यादा आहे, तेही लक्षात ठेवा. विज्ञानकथाकार रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी १९७५ मध्ये जेम्स टिपट्री या विज्ञानकथाकाराच्या लेखनात ठाम पुरुषी वळण आहे असं लिहिलं. १९७७ मध्ये उघड झालं की टिपट्री हे टोपणनाव असून लिहिणारी ॲलिस शेल्डन ही स्त्री आहे. नारळीकरांनीही १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, आणि हस्ताक्षरही दुसऱ्याचं. कथा नावाविना वाचली जावी यासाठी इतकं केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. तुम्हीही कथा मित्रांना द्याल तेव्हा नाव काढून, दुसऱ्या दोघांच्या कथांत मिसळून द्या.

अर्धविराम:
आणि पहिली दोन नावं जवळजवळ सारख्या अंतरावर आली तर?

वारंवारता:
नावांपेक्षा त्यांच्यातलं अंतर बघा. सर्वांत जास्त येणारे किती शब्द घ्यायचे, ती संख्या १००, २००, ३०० अशी बदलून तीनदा मोजा. पहिला क्रमांक हलत राहिला, तर तुम्ही त्या गटातल्या कोणासारखेच लिहीत नाही, एवढंच त्या मोजणीतून निघतं.