नोंदणी नसलेली मुलांची शिबिरं बंद करावीत का?

दोन मुलांची आई, पुणे
मे महिन्यातल्या शिबिरांच्या जाहिराती सोसायटीच्या ग्रुपवर यायला लागल्या. पवना धरणाच्या काठी दोन रात्री तंबूत मुक्काम, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं), कयाकिंग (छोटी होडी वल्हवणं), शेकोटी. लेक दहा वर्षांची आहे, तिला जायचंय. मी एका ठिकाणी फोन करून तीन गोष्टी विचारल्या: पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, पाण्यापाशी कोण उभं असेल, आणि रात्री कुणाला काही झालं तर कुठल्या दवाखान्यात नेणार? उत्तर आलं, ‘मॅडम, आजवर काही झालेलं नाही.’

24 ऑगस्ट 2021 च्या शासन निर्णयाने राज्यात साहसी पर्यटनाचं धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडचे उपक्रम त्यात येतात, आणि ते चालवणाऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे. मग नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात निघतेच कशी? माझं म्हणणं एवढंच, की क्रमांक नसेल तर शिबिर भरू देऊ नये. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. साहस करायला कुणीच गेलं नव्हतं, साधी सहल होती ती.

डोंगरयात्री, ठाणे
ताई, काळजी रास्त आहे, पण ‘बंद करा’ म्हणाल तर आधी कोण बंद होईल ते बघा. आमचा क्लब तीस वर्षं मुलांना गडावर नेतोय. लीडर नोकरी सांभाळून येतात, एक पैसा घेत नाहीत. वर्गणीत एसटीचं भाडं आणि डाळ-तांदूळ निघतो, बस. धंदा करणाऱ्यासाठीचे कागद आम्हालाही लावले तर आम्ही थांबू. साहसी पर्यटनावरच्या 2018 च्या आधीच्या शासन निर्णयाला गिर्यारोहण संस्थांनी विरोध केला तो याचसाठी.

आणि आम्ही थांबलो म्हणून मुलं घरी बसणार नाहीत. रील बघून चौघं-पाचजण भर पावसात देवकुंडच्या धबधब्याला नाहीतर अंधारबनच्या जंगलात जातील. दोर कसा बांधायचा आणि मुळात कुठून परत फिरायचं, हे त्यांना सांगायला बरोबर कुणी नसेल.

दोन मुलांची आई, पुणे
दादा, तुमचा क्लब चांगला आहे हे तुम्हाला माहीत आहे. मला फोनवरून ते कसं कळावं? बुडणाऱ्या मुलाला लीडर पगारी आहे की बिनपगारी, याने काय फरक पडतो?

ऑस्टिनकर
मी टेक्ससमध्ये राहतो, इथलं सांगतो. 4 जुलै 2025 च्या पहाटे ग्वादलुपे नदीला पूर आला आणि काठावरच्या कॅम्प मिस्टिक या मुलींच्या शिबिरात 27 मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या कौन्सेलर मरण पावल्या. ते शिबिर परवान्याचं होतं. सरकारी तपासनीस दोनच दिवस आधी येऊन गेला होता आणि आपत्कालीन आराखडा असल्याची नोंदही त्याने केली होती. कागद पुरा होता. लहान मुलींच्या खोल्या मात्र नदीच्या पूरपट्ट्यात होत्या.

त्याच सप्टेंबरात इथे नवे कायदे झाले. पूरपट्ट्यात मुलांच्या खोल्या नकोत, आणि पुराचा इशारा आला की तिथली मुलं हलवायचीच. खर्च झेपणार नाही, आम्ही बंद पडू, असं कॅम्पवाले इथेही म्हणाले. माझ्या मुलीच्या वर्गातल्या कितीतरी मुली दर उन्हाळ्यात अशा कॅम्पला जातात, म्हणून सांगतो: नोंदणी क्रमांकावर विसंबू नका. मुलं झोपणार ती जागा कुठे आहे, ते आधी विचारा.

दोर आणि कॅराबिनर
मी रॅपलिंग शिकवतो. दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण तपासणी कशाची करायची यावर कुणी बोलत नाही. दोर किती वापरला गेलाय, याची वही आहे का? उतरणाऱ्या मुलाला दुसऱ्या दोराचा बिले, म्हणजे हात सुटला तर धरून ठेवणारा आधार, आहे का, आणि तो धरणाऱ्याच्या हातात मोबाइल तर नाही ना? हेल्मेट मुलाच्या डोक्याला बसतं का? मोठ्याचं हेल्मेट लहानाच्या डोळ्यांवर येतं, मग ते मूल स्वतःच काढून टाकतं.

तंबूंचंही तेच. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणारे मी पाहिलेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो, तेव्हा विजा चमकत असताना मुलं उघड्या माळावर किंवा एकट्या झाडाखाली नकोत. कड्याला आग्या मोहोळ असेल तर खाली धूर करायचा नाही. हे सगळं जागेवर उभं राहून, एकदा तरी न सांगता येऊन बघावं लागतं. असा बघणारा माणूस तालुक्याला नाही. म्हणून माझं मत: नोंदणी ठेवा, पण आधी माणूस नेमा.

काठावरचा, मावळ
मी पवनेच्या काठी तंबू लावतो, तेव्हा मीही बोलतो. आमच्या आजोबांची जमीन धरणात गेली. किती घरांचं पुनर्वसन अजून झालेलं नाही. उरलेल्या तुकड्यावर पाच तंबू आहेत, त्यावर माझ्या पोरांची शाळा चालते. बंद करा म्हणणं शहरातून सोपं आहे. अर्ज ऑनलाइन, कागद पुण्याला. तलाठ्याकडे विचारलं तर त्यालाही सांगता येईना.

पाण्यात उतरू नका म्हटलं की पाहुणे भांडतात. दोन वेळा मी स्वतः पोरांना बाहेर ओढलंय. अंधार पडल्यावर माझ्याकडे पाण्याजवळ कुणाला सोडत नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. नियम नको असं मी म्हणत नाही. गावात येऊन शिकवा आणि मुदत द्या, मग दंड करा.

डोंगरयात्री, ठाणे
हेच म्हणतोय मी. व्यावसायिक आणि हौशी, दोघांना एकच अर्ज चालणार नाही.

दोन मुलांची आई, पुणे
अर्ज वेगळे ठेवा, हरकत नाही. पण पाण्याचा आणि दोराचा नियम दोघांना एकच हवा, तिथे मी मागे हटणार नाही.

भाऊ, तुम्ही स्वतः काठावर उभे असता, हे माझ्या प्रश्नाला मिळालेलं पहिलं सरळ उत्तर. आता एवढं सांगा, दहा वर्षांच्या मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट तुमच्याकडे किती आहेत?

काठावरचा, मावळ
मोठ्यांच्या मापाची आठ आहेत. लहानांचं एकही नाही. मे महिन्याच्या आत घेतो, तोवर मुलांची नाव पाण्यात घालत नाही.