बस्त्याला सहाच साड्या दाखवा म्हणे!

खणआळीकर

मंडळी, सातारच्या खणआळीत आमचं कापडाचं दुकान, आजोबांपासूनचं. पुतण्या पुण्याहून एमबीए करून आलाय. यंदा लगीनसराईच्या तोंडावर त्यानं फर्मान काढलं, की गिऱ्हाइकापुढं ढीग टाकायचा नाही. सहा साड्या मांडायच्या, बास. का, तर अमेरिकेत जॅमवर प्रयोग झालाय.

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोघांनी २००० साली तो छापला. कॅलिफोर्नियातल्या एका उंची किराणा दुकानात चव घ्यायला टेबल मांडलं. कधी त्यावर २४ प्रकारचे जॅम, कधी ६. २४ होते तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांतले ६० टक्के थांबले, ६ होते तेव्हा ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी बाटली घेतली किती जणांनी? २४च्या वेळी ३ टक्के, ६च्या वेळी ३० टक्के. "काका, जास्त दाखवलं की डोकं भंजाळतं आणि माणूस काहीच न घेता घरी जातो."

म्हटलं बरं, करून बघू. कोरेगावकडचं बस्त्याचं गिऱ्हाईक आलं. नवरी, तिची आई, दोन मावश्या, आत्या आणि कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेला भाऊ. पुतण्यानं सहा शालू पत्ते मांडावेत तसे मांडले. दोन मिनिटं कुणी बोलेना. मग आत्याबाई म्हणाल्या, "मालक, माल संपलाय का?" चहा यायच्या आत सगळी मंडळी पायऱ्या उतरून समोरच्या दुकानात. तिथं गादीवर साड्यांचा डोंगर झालेला मला इथनं दिसत होता.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. विद्यापीठात बसून केलेलं हे ग्राहकांचं मानसशास्त्र आपल्या बाजाराला कवडीच्या कामाचं नाही. आमचे आबा म्हणतात, घडी मोडायचा कंटाळा असेल त्यानं कापडात पडू नये. बोला आता.

संशयात्मा

शंभर टक्के सहमत. २०१५ साली बऱ्याच संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ छापताना जवळजवळ सगळ्यांचा निकाल ठाम होता, दुसऱ्यांदा तो ३६ टक्क्यांतच टिकला. कॉर्नेलचे ब्रायन वॉनसिंक, ताटाच्या आकारापासून खाण्याच्या सवयींवर जगाला शिकवायचे. २०१८ मध्ये विद्यापीठानंच त्यांच्या संशोधनात गैरप्रकार झाल्याचं सांगितलं, आणि एकामागून एक लेख मागं घेतले गेले. आणि १९५७ चा तो जेम्स विकारी? सिनेमाच्या पडद्यावर डोळ्यांना कळणारही नाही इतक्या वेगानं 'पॉपकॉर्न खा' झळकवलं आणि विक्री ५७ टक्क्यांनी वाढली, असं सांगून त्यानं दुनिया हलवली. पुढं १९६२ मध्ये स्वतःच कबूल केलं की तसलं काही खास नव्हतंच. अशा शास्त्रापायी आपली पोरं लाखांनी फी भरतात.

मास्तर_कॉमर्सवाले

मी इथंच एका कॉलेजात मार्केटिंग शिकवतो, त्यामुळे माझी बाजू कोणती ते कळेलच.

संशयात्मा, विकारी विद्यापीठातला नव्हता, धंदेवाईक बाजार-सल्लागार होता. आणि बाकीची लबाडी उघडकीला आणली कोणी? संशोधकांनीच ना? चूक पकडली गेली हा तुम्ही शास्त्राच्या विरोधात पुरावा धरताय.

खणआळीकर, तुमच्या पुतण्यानं धडा अर्धाच वाचलाय. जॅमनंतर असे बरेच प्रयोग झाले. २०१० मध्ये शाइबेहेन आणि सहकाऱ्यांनी ५० प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तर सरासरी परिणाम जवळपास शून्य. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी विक्री घटली, काही ठिकाणी वाढली. मग २०१५ मध्ये चेर्नेव आणि मंडळींनी विचारलं की कधी घटते? चार गोष्टी निघाल्या. वस्तू एकमेकींशी ताडून बघायला अवघड असतील, निवडायचं कामच जड असेल, म्हणजे वेळ वगैरे कमी, आपल्याला काय आवडतं हे माणसाला माहीत नसेल, आणि तो नुसता बघायला आलाय की घ्यायला. तुमची आत्याबाई 'काठ रुंद, रंग मोरपंखी, बुट्टी बारीक' हे घरून ठरवून आलेली असणार. तिला सहात गुंडाळायला गेलात तर ती जाणारच, आणि हे संशोधनातच लिहिलेलं आहे.

पाचगणी_रोड

अहो, जॅमवर वाद चाललाय आणि पाचगणीवाल्याला कुणी विचारेना! सीझनला मी जॅमच्या काउंटरला उभा असतो. पर्यटक सगळ्यांची चव घेतात, लहान पोरं दोनदा घेतात, आणि शेवटी नेतात स्ट्रॉबेरीच. २४ ठेवा नाहीतर ६. त्या अमेरिकेतल्या लोकांना स्ट्रॉबेरी ठेवली नव्हती का कुणी?

मास्तर_कॉमर्सवाले

गंमत म्हणजे मुद्दाम ठेवली नव्हती! स्ट्रॉबेरी-रास्पबेरीसारखे नेहमीचे जॅम त्यांनी टेबलावरून बाजूला काढले होते, नाहीतर लोक सवयीनं तेच उचलतील म्हणून. तुम्ही जे काउंटरवर पाहिलंत तेच त्यांना टाळायचं होतं.

पाचगणी_रोड

मग झालं की. जे लोकांना हवं तेच काढून घेतलं आणि म्हणे लोकांना निवडता येत नाही.

शेंद्र्याची_सून

सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते. बस्ता म्हणजे खरेदी नव्हे हो. मला माझी साडी तिसऱ्या घडीलाच पसंत पडली होती, जांभळी, सोनेरी काठाची. गप्प बसले. त्यानंतर दीड तास, चाळीसेक साड्या बघितल्या आणि शेवटी तीच घेतली. का? तिसरीच उचलली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, "हिनं घाईत घेतली, पुढं बघितलंच नाही." चुलतसासूबाईंना त्यांनी सुचवलेल्या चार साड्या उलगडलेल्या दिसायला हव्या होत्या. त्या घेतल्या नाहीत तरी चालतं, उलगडायला लागतात. जॅमच्या टेबलापाशी एकटा माणूस उभा असतो, घरी जाऊन त्याला कुणाला उत्तर द्यायचं नसतं. आमच्याकडं साडी एक आणि निवडणाऱ्या पाच, वर त्या पाचजणींत मानपान.

पण खणआळीकर, तुम्हीही फार साळसूद बनू नका. दुकानात शिरलं की पहिल्यांदा सोळा हजाराचा शालू अंगावर टाकून आरशापुढं उभं करता, ते काय नुसतं हौसेखातर? त्यानंतर सात हजाराची स्वस्त वाटायला लागते. आम्हाला कळतं.

मास्तर_कॉमर्सवाले

वहिनी, पहिल्या परिच्छेदाला माझा नमस्कार. २०१० मध्ये हेनरिक वगैरे तिघांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. मानसशास्त्रातल्या प्रयोगांना बसणारी ९६ टक्के माणसं अशा श्रीमंत पाश्चात्त्य देशांतली, की जिथं जगातली जेमतेम १२ टक्के माणसं राहतात. पाचजणींनी मिळून एक साडी निवडायची, यावर कुणीतरी साताऱ्यातच काम करायला हवं.

दुसऱ्या परिच्छेदाला नाव आहे, 'अँकरिंग', म्हणजे आधी दिसलेल्या आकड्याला मन नांगरून बसणं. १९७४ मध्ये ट्वर्स्की आणि काहनेमान यांनी एक चक्र फिरवलं, ते १० वर नाहीतर ६५ वर थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के? १० बघितलेल्यांचा अंदाज २५च्या आसपास, ६५वाल्यांचा ४५. आकड्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी मन तिथंच अडकलं. सोळा हजाराचा शालू म्हणजे तुमचं ६५. आणि अंगावर टाकण्याचंही आहे. पेक आणि शू यांनी २००९ मध्ये दाखवलं की वस्तूला नुसता हात लागला तरी ती आपली वाटायला लागते.

खणआळीकर

शालूचं कबूल, आबांची पद्धतच ती, आधी भारी माल. पण सर, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. १९७४ च्या आधीपासून आबा हे करतायत. चक्र न फिरवता! मग त्या चक्रवाल्या दोघांनी नवीन काय सांगितलं?

मास्तर_कॉमर्सवाले

आबांना भारी माल आधी दाखवायचं माहीत आहे, मान्य. पहिली भवानी उधारीची झाली की दिवस वाया जातो, हेही आबांना तितकंच पक्कं माहीत असेल. दोन्ही अनुभवाचंच. त्यातलं खरं कुठलं, हे ते कशावरून सांगणार?

आणि आता मूळ प्रश्न. तुमच्या वहीत विक्री असते. रिकाम्या हातानं पायऱ्या उतरलेलं गिऱ्हाईक कुठल्या वहीत आहे? कोरेगावचं एक गेलं ते लक्षात राहिलं, कारण ते समोर जाऊन बसलं. चाळीस साड्या बघून, दमून, "पुन्हा येतो" म्हणून गेलेले किती? ते तुम्ही कधी मोजलेच नाहीत.

संशयात्मा

सरांचा हा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजानं म्हणतो. बाकी मतं तीच.

ग्राहक_सदाशिव_पेठ

तुम्ही गादीवरच्या शालूवर भांडताय, इकडं मोबाईलमधलं दुकान रोज खिसा कापतंय. 'फक्त २ शिल्लक', 'आत्ता १४ जण बघतायत'. मी एकदा रात्री 'शेवटची जोडी' म्हणून चप्पल घेतली, आठवड्यानं तीच शेवटची जोडी परत तिथंच. सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला असल्या १३ क्लृप्त्यांना मनाई करणारे नियम काढलेत. खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, नको म्हटल्यावर लाज वाटेल असा मजकूर, सगळं त्यात येतं. मास्तर, हे कुणी शिकवलं? तुमच्याच वर्गातनं गेलेल्यांनी ना?

मास्तर_कॉमर्सवाले

काही अंशी, हो. विषय तोच, नाकारत नाही. पण हे १३ प्रकार ओळखून त्यांना नावं द्यायलाही त्याच विषयाची माणसं लागली.

शेंद्र्याची_सून

गादीवर निदान घासाघीस तरी करता येते. अ‍ॅपला "मालक, शंभर कमी करा" कुठं म्हणणार?

खणआळीकर

सर, वहीचं बोलणं लागलं. पुतण्याशी तह झाला. बस्त्याला ढीगच, तिथं तडजोड नाही. पण एकट्यादुकट्या बाईला, ती रोजच्या वापराची साडी बघायला आली असेल तर, आधी विचारायचं, मग आठ-दहाच काढायच्या. आणि मोजायचं. आबांना दाराशी खुर्ची दिलीय, शेजारी दोन डबे. घेऊन गेलेल्यांसाठी एका डब्यात सुपारीचं खांड, न घेता गेलेल्यांसाठी दुसऱ्यात.

काल संध्याकाळी डबे उघडले तर 'न घेता' वाल्यात दोनच खांडं. पुतण्या खूश. मी म्हटलं, आबा, दुपारी त्या तिघी रहिमतपूरच्या काही न घेता गेल्या, त्यांची खांडं कुठायत? आबा म्हणाले, "त्या कशाला मोजायच्या? चहा पिऊन गेल्यात, परत येणार आहेत."