मदत हवी आहे: लिनक्सच्या स्वे विंडो मॅनेजरमध्ये एकाच प्रोग्रामची फक्त पावतीची विंडो तरंगती (इतर खिडक्यांच्या वर, मोकळी) कशी ठेवू?

राम राम मंडळी. रावेरला आमच्या केळीच्या वजनकाट्यावर जुना लॅपटॉप आहे. त्यावर आयथ्री (खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी मांडणारा विंडो मॅनेजर) छान चालत होतं, गेल्या महिन्यात त्याच धाटणीचं, पण वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीवर) चालणारं स्वे टाकलं. तेव्हापासून खिडक्यांचे निम्मे नियम लागूच होईनात. दोन रात्री जागून कारण सापडलं: वेलँडवर थेट चालणाऱ्या प्रोग्रामला ओळखीसाठी जुना 'क्लास' नसतो, 'ॲप आयडी' असतो. नियम तसे बदलले. कॅल्क्युलेटर आता तरंगतो, फायरफॉक्स आपोआप दुसऱ्या वर्कस्पेसवर जातो.

अडलंय ते बिलाच्या जावा प्रोग्रामपाशी. तो एक्सवेलँडमधून (जुन्या एक्स-११ पद्धतीचे प्रोग्राम वेलँडवर चालवणाऱ्या सोयीतून) चालतो. गेट-ट्री (उघड्या खिडक्यांची माहिती देणारी स्वेची कमांड) काढून पाहिलं तर ॲप आयडी रिकामा, क्लास मात्र दिसतो. पण मुख्य खिडकी आणि पावतीची छोटी खिडकी, दोघींचा क्लास एकच! क्लासवर फ्लोटिंगचा नियम लावला की दोन्ही तरंगतात. नाही लावला तर पावती अर्धा स्क्रीन खाते आणि मागच्या तक्त्यातले वजनाचे आकडे चिंचोळ्या पट्टीत दबतात. काट्यावर ट्रक उभा असतो, ड्रायव्हर खिडकीत डोकावतो, अशा वेळी चुकीचा आकडा वाचला तर नुकसान शेतकऱ्याचं.

क्लाससोबत विंडो टाइप 'डायलॉग' लावावा, की टायटलवरून ओळखावं? टायटल 'पावती क्र.' असं मराठीत आहे आणि पुढचा नंबर दरवेळी बदलतो. रेजेक्समध्ये (मजकूर जुळवायच्या पॅटर्नमध्ये) देवनागरी कोणी वापरलंय का? चालू असलेली ओळ असेल तर कृपया जशीच्या तशी टाका.