मदत हवी आहे : दादाच्या सायकलसाठी

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला, चालतो छान; पण घराबाहेर पडायचंच टाळतो. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर त्याने पोराची सायकल सहज हातात घेतली, एक फेरी मारली. परत आला तेव्हा चेहराच वेगळा होता. वहिनींना रडू आवरेना.

अडचण अशी, की कृत्रिम पाय पेडलवरून घसरतो. पट्ट्याने बांधावा, तर पडताना पाय सुटणार नाही ही भीती. पाय धरून ठेवेल, पण पडताना सोडेल असं पेडल बनवून देणारा कारागीर कोल्हापुरात आहे का? दादाच्या एका मित्राच्या मणक्याला इजा आहे, त्याला हाताने चालवायची तीनचाकी लागेल.

ब्रिटनमध्ये 'हेल्प फॉर हीरोज' ही संस्था २००७ पासून जखमी सैनिकांसाठी काम करते, त्यांच्या सायकलफेऱ्यांतून निधीही उभा राहतो. आपणही ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, पन्हाळ्यापर्यंत जाऊया का? अंतर वीसेक किलोमीटर, वाघबीळचा चढ मात्र दमवणारा. जमेल तो निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजनिधीला देऊ. सोबत कोण येईल? दादाला अजून सांगितलेलं नाही, आधी पेडलचं जमू दे.