मदत हवी आहे : वाचनालयातली जुनी पुस्तकं स्कॅन कशी करावीत?

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात शंभरेक वर्षांपूर्वीची पुस्तकं आणि मासिकांचे बांधीव अंक आहेत. पावसाळ्यात हवा इतकी दमट, की कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो. पानं पिवळी पडलीत, कडा बोट लागताच तुटतात, शिवणीत कसर लागलीय. पोरांना वाचनाची आवड नाही हे मला पटत नाही. ती मोबाईलवर तासन्‌तास वाचतात, आपली पुस्तकं तिथे नाहीत एवढंच. म्हणून ती तिथे न्यायची आहेत.

कायद्याप्रमाणे आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइटचे हक्क संपतात. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले, त्यांच्या कवितांना अडचण नाही. पण मासिकाच्या एकेका अंकात दहा लेखक, निम्म्यांचा ठावठिकाणा नाही. तिथे काय करायचं?

दुसरं, ओसीआर, म्हणजे पानाच्या फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं तंत्र. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात, ते हमखास गळतात. तपासायला माणसं कशी जमवावीत? विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं मोफत वाचायला ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, कुणी मुद्रितशोधन केलंय का?

आणि सगळ्यात आधी हे सांगा, बांधणी न उसवता, पुस्तक पूर्ण न उघडता पानांचे फोटो कसे घ्यावेत? रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाकडे त्यासाठीचा स्टँड असेल तर मी बघायला येतो. मिरग लागायच्या आत काम सुरू करायचं आहे.