पुण्याजवळ एक दिवसाची पायी सहल सुचवा (गटात सगळ्या वयाची माणसं आहेत)

पहाटपाऊल
नमस्कार मंडळी. कोथरूडच्या टेकडीवर रोज सकाळी एकत्र चालणारा आमचा अठरा-वीस जणांचा गट आहे. पस्तिशीपासून चौऱ्याहत्तरीपर्यंत सगळे. चढायची सवय आहे, पण तिघींचे गुडघे उतारावर दुखतात. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी शहराबाहेर जायचं आहे. सहा-सात किलोमीटर चाल, बघण्यासारखं काहीतरी, दुपारी गावातलं जेवण आणि अंधाराच्या आत घरी. सिंहगड नको, तिथे नेहमीच जातो. "तुम्ही खालीच थांबा" असं कोणाला सांगावं लागणार नाही अशी जागा हवी. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाचं काय, तेही स्पष्ट लिहा. सहलीच्या दिवशी आमच्यातल्या काहीजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, ते मला अजिबात नको आहे.

घाटवाट
लोहगड. वाट सोपी, पायऱ्या बांधलेल्या, विंचूकाटा म्हणजे गडाची लांब चिंचोळी सोंड बघायला मिळेल.

लोकलने_चला
लोहगड सुंदरच आहे, पण रविवारी नको. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून तर सगळ्यांनाच तिथे जायचं असतं. शिवाय दुखऱ्या गुडघ्यांना उतरताना पायऱ्याच जास्त त्रास देतात.

त्यापेक्षा लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावात चालत जा आणि लेणी बघा. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. मान वर करून नीट बघा, बरेच जण फोटो काढून तसेच निघतात. लेण्यांचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर उजेड आत येतो. फक्त परतीच्या लोकलची वेळ आधी बघा, दुपारी दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो.

कऱ्हाकाठ
ताई, मी सासवडचा. तुमच्या गटासाठी मल्हारगड सुचवतो, सोनोरीचा किल्ला.

पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान तो बांधला. महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून त्याची ओळख आहे. आकाराने लहान, त्यामुळे तटाला धरून पूर्ण फेरी सगळ्यांना झेपते. बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेवाची शेजारी-शेजारी देवळं आहेत. हवा स्वच्छ असेल तर पुरंदर, वज्रगड आणि जेजुरीचा डोंगर दिसतो.

तुम्ही "खालीच थांबा" नको म्हणालात, म्हणून हा किल्ला. सोनोरी गावापासून चालायला सुरुवात करा. गावात पानसे यांची गढी आहे, ती आधी बघा. तिथून शेतांच्या कडेने पायथ्यापर्यंत सपाट चाल आहे. गाडीही पायथ्याजवळ येते, म्हणजे ज्यांना चाल कमी करायची आहे ते तिथून चढतील आणि तरी सगळ्यांबरोबर वर पोचतील. चढ अर्ध्या-पाऊण तासाचा. उतरताना मुरमावर पाय घसरतो, काठी प्रत्येकाकडे असू द्या.

वर सावली नाही आणि पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नका. आठच्या आत चढायला लागा. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या.

स्वच्छतागृह गडावर नाही. सासवडमध्ये नाश्त्याला थांबाल तिथे सोय बघून घ्या. जेवण गावातल्या एखाद्या घरी सांगितलंत तर उतरल्यावर तिथेही विचारता येतं. आमच्याकडच्या बायका त्यात मुळीच अवघडू देत नाहीत. मधला वेळ तीन तासांच्या आत ठेवा म्हणजे कोणाला तहान मारावी लागणार नाही.

जेवणानंतर सासवडला सोपानकाकांची समाधी आणि कऱ्हेकाठचं संगमेश्वर बघा. संगमेश्वराचा दगडी घाट उतरून नदीकडे जातो, तिथे निवांत बसता येतं. जानेवारीत आमचे अंजीर बाजारात असतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याकडेला शेतकरी स्वतः घेऊन बसलेले दिसले तर त्यांच्याकडूनच घ्या.

घाटवाट
हे वाचून माझा लोहगड मागे घेतो. एक भर घालतो : तटाच्या कपारीत आग्यामोहोळ आहे का ते बघत चला. त्या दिवशी अत्तर लावू नका, वर धूर करू नका आणि आरडाओरडा टाळा.

पहाटपाऊल
कऱ्हाकाठ दादा, मनापासून आभार. गटात वाचून दाखवलं, काका लगेच काठी शोधायला उठले. मल्हारगड नक्की! भाजे फेब्रुवारीत करू. दोन शंका : रविवारी दिवे घाटात किती अडकायला होतं? आणि जेवणात काय सांगू?

कऱ्हाकाठ
सकाळी सहाला पुणे सोडलंत तर घाट मोकळा मिळेल. संध्याकाळी जेजुरीहून परतणारी गर्दी असते, म्हणून साडेतीनला सासवड सोडा.

जेवणाला बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि मटकीची उसळ सांगा. हुरड्याचं आठवडाभर आधी विचारा, तो ज्वारीवर अवलंबून. आणि गडावरून उतरायला लागलात की त्या घरी फोन करा, म्हणजे भाकऱ्या तेव्हाच थापायला घेतील.