कैदी सीए रिपोर्टला घाबरतात, पण सील कुणी बघत नाही

आडवा_पंच
पंच फुटतो, साक्षीदार पलटतो, पण 'कलिन्याहून (तिथल्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून) सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, उलटा आला की खेळ खलास' हे आर्थर रोडपासून तळोज्यापर्यंत कच्च्या कैद्यांचं ठाम मत. ऑस्ट्रिया-पोर्तुगालच्या तुरुंगांत संशोधकांनी कैद्यांशी बोलून पाहिलं, तिथेही सूर असाच: डीएनए खोटं बोलत नाही, पण तो पेरता येतो. आपल्याकडे ही दुसरी शंका 'साहेबांनी फिटिंग केली', म्हणजे खोटं अडकवलं, एवढ्यावर येऊन विरते. नुसत्या फिटिंगच्या तक्रारीला कोर्टात कोण विचारतो? बचाव तारखांत असतो. जप्ती पंचनामा, मुद्देमाल रजिस्टर, हवालदाराबरोबर दिलेलं पत्र आणि प्रयोगशाळेची पोच, या चारांवरच्या तारखा एकाखाली एक लिहा. मध्ये वीस दिवसांचं भगदाड असेल आणि तेवढे दिवस नमुन्याचं सीलबंद पाकीट कुठे होतं हे कुणी सांगत नसेल, तर तिथेच बोट ठेवा. ठाणे जिल्ह्यातल्या २०१० च्या खून खटल्यात डीएनए अहवाल विरोधात असूनही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये फाशी रद्द करून आरोपीला सोडलं. नमुने उशिरा का पाठवले, याचं उत्तर नव्हतं.

कलिना_लोकल
थांबा. सील कुणी बघत नाही हे चूक. पाकीट घेतानाच लाखेची मोहोर पत्रावरच्या नमुना-मोहोरेशी ताडतात आणि अहवालात 'सील शाबूत' असं लिहितात. घोळ त्याआधीचा आहे. जुलैत रक्ताने ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून मालखान्यात टाकला की चार दिवसांत बुरशी धरते, जिवाणू डीएनएचे तुकडे करतात. कपडा सावलीत वाळवायचा, एकेक वेगळ्या कागदी पाकिटात घालायचा, एवढं साधं काम. आरोपीचा आणि मयताचा शर्ट एकाच पिशवीत गेला, तर एकाचं रक्त दुसऱ्यावर लागणारच, त्याला फिटिंग करावी लागत नाही! आणि बुरशीत निर्दोष माणसाचा पुरावाही जातो, हे बरॅकीत कुणी सांगत नाही.

सेक्टर_तीन
दोघंही डीएनएतच अडकलात. मुंबईत माणूस सापडतो तो सीसीटीव्ही आणि सीडीआरवर (फोन कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवर), आणि हे आतल्यांना तुमच्यापेक्षा बरं कळतं. त्यांना कळत नाही ते एवढंच, की टॉवर लोकेशन म्हणजे पत्ता नव्हे. टॉवरचे सहसा तीन सेक्टर, एकेक साधारण १२० अंशांचा. कुर्ल्यात एका सेक्टरमध्ये हजारो फोन असतात, आणि गर्दीच्या वेळी जवळचा टॉवर भरला की फोन लांबचा पकडतो. शेजारच्या गल्लीत राहणारा माणूस 'घटनास्थळी' दिसणारच.

खरी घाई डीव्हीआरची, म्हणजे सीसीटीव्हीचं फुटेज साठवणाऱ्या डब्याची. डिस्क भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. आरोपी दुसरीकडे होता हे दाखवणारा कॅमेरा, तो कोठडीत असतानाच रिकामा होतो. घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढेमागे आहे तेही पंचनाम्यात यायला हवं. भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३(४) च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, 'अ' देणाऱ्याचा आणि 'ब' तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदलली तर बदलणारा तिचा आकडा). 'ब' कोरा आहे का, आधी ते बघा.

मुक्काम_तळोजा
आडवा पंच, तारखांची यादी करणार कोण? चार्जशीट मराठीत, आरोपी बिहारचा, वकील लीगल एडचा, म्हणजे सरकारने मोफत दिलेला, आणि तारखेला व्हिडिओ कॉन्फरन्सवर दोन मिनिटं. शिवाय चार्जशीटची ६० किंवा ९० दिवसांची मुदत गाठायची म्हणून ती रिपोर्टविनाच दाखल होते, 'सीए रिपोर्ट प्रलंबित' म्हणून. आतला माणूस रिपोर्टला घाबरत नाही हो, तो रिपोर्टची वाट बघतो. वैतागून 'माझी नार्को करा' म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालापासून, म्हणजे २०१० पासून, संमतीने केलेल्या नार्कोतलं बोलणंही स्वतंत्र पुरावा ठरत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आडवा_पंच
वाट बघतो हे मान्य. पण रिपोर्ट आल्यावर काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मुळे तो तज्ज्ञाला न बोलावताच वाचला जातो. उलटतपासणीसाठी बोलवा, असा एक पानी अर्ज वकिलाने दिलाच पाहिजे.

कलिना_लोकल
आणि नुसता दोन पानी निष्कर्ष घेऊ नका, मशीनचे आलेख मागा. मिश्र नमुना (एकाहून जास्त माणसांचा डीएनए) असेल तर खरी गोष्ट आलेखातल्या शिखरांच्या उंचीत असते.

मुक्काम_तळोजा
मागू. लीगल एडच्या पॅनलवर ते आलेख वाचणारा एक तरी माणूस दाखवा.